नाव बदललं आणि लॅपटॉप घरात घेईना

मागच्या मे महिन्यात एक शिक्षिका लॅपटॉप छातीशी धरून आमच्या कराडच्या दुकानात आल्या. लग्नाला पाच महिने झाले होते. आधार, पॅन, बँक सगळीकडे नवीन नाव लागलं होतं, फक्त लॅपटॉप सुरू केला की माहेरचं आडनाव दिसायचं. म्हणून दिरानं हौसेनं अकाउंटचं नाव बदलून दिलं. एवढ्यावर थांबला असता तर काहीच झालं नसतं. पण फाइल्सच्या पत्त्यात जुनं आडनाव अजून दिसतंय म्हणून त्यानं दुसरं अकाउंट काढून त्यातून ‘युझर्स’मधल्या फोल्डरचंही नाव बदललं. दुसऱ्या दिवशी ताईंनी लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा करकरीत. तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाचे फोटो, काहीच नाही. कुणीतरी सांगितलं होतं, “फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.”

डेटा अर्ध्या तासात परत आला. तो कुठे गेलाच नव्हता. फॉरमॅट केलं असतं तर मात्र खरंच गेला असता, आणि ते मला फार लागलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू पडेल असंच सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. घराच्या दारावरची पाटी बदलली म्हणून जमिनीचा गट नंबर बदलत नाही. विंडोजमध्येही तसंच आहे. स्क्रीनवर दिसणारं नाव ही पाटी. पासवर्ड किंवा पिन ही किल्ली. आणि गट नंबर म्हणजे अकाउंट तयार होताना विंडोजनं दिलेला एक लांबलचक आकडा, त्याला एसआयडी म्हणतात. कुठली फाइल कुणाची, हे विंडोज त्या आकड्यावरून ठरवतं, नावावरून नाही. तुम्ही पाटी शंभरदा बदला, आकडा तोच राहतो.

फोल्डरचं म्हणाल तर ते पहिल्या लॉगिनच्या वेळी एकदाच तयार होतं आणि त्याचा पत्ता त्या आकड्यासमोर लिहून ठेवला जातो. नंतर नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. लॅपटॉप घेताना मायक्रोसॉफ्टच्या ईमेल खात्यानं साइन-इन केलं असेल तर बहुतेकदा त्या ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरंच फोल्डरचं नाव होतात. वैशालीच्या लॅपटॉपवर ‘वैश’ असं अर्धवट फोल्डर दिसतं ते त्यामुळे. त्यात बिघाड काही नाही. ते तसंच राहू द्या.

तेव्हा लॉगिन अडलं की स्वतःला पहिला प्रश्न विचारा: आपण काय बदललं? पाटी, किल्ली, की फोल्डर? आणि स्क्रीनवर जो मेसेज आलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. “काहीतरी इंग्रजीत आलं होतं” यावरून कुणालाच काही कळत नाही. मेसेजच्या एकेका शब्दावरून उपाय बदलतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

आमच्याकडे येणाऱ्या लॉगिनच्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त, आणि हिचा उपाय फुकटातला. लॉगिनच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बघा. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड जोडला असेल तर पासवर्डाच्या चौकटीतही मराठीच उमटत असतं, आणि आपल्याला दिसतात नुसते ठिपके. विंडोजचं बटण दाबून धरा आणि स्पेसबार दाबा, भाषा बदलते. थोडं टाइप केल्यावर चौकटीत डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबून धरलं की काय उमटतंय ते दिसतं. पासवर्ड टाकताना मागे कुणी उभं नाही ना, तेवढं बघून घ्या.

याच्यातलाच दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. सेटिंग्जमध्ये भाषा निवडताना चुकून ‘इंग्लिश युनायटेड किंग्डम’ निवडलं गेलं, तर त्या कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ उमटत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. @ येतं ते एंटरच्या बाजूच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर. आपल्याकडे तर निम्म्या लोकांचे पासवर्ड नाव, @ आणि १२३ असे असतात. (ते बदला, पण लॉगिन झाल्यावर.) डोळ्याचं चिन्ह दाबलंत तर हे लगेच पकडता येईल. कॅप्स लॉक आणि नम लॉकही तपासा. आकड्यांचं वेगळं पॅड असलेल्या कीबोर्डवर नम लॉक बंद असला तर पिन टाकतोय असं वाटतं, पण चौकटीत काहीच उमटत नाही.

तीन-चारदा चुकलं की थांबा. नव्यानं टाकलेल्या विंडोज ११ मध्ये, म्हणजे २२एच२ आवृत्तीपासून, दहा वेळा चूक झाली की अकाउंट दहा मिनिटांसाठी कुलूपबंद होतं. त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि माणूस गोंधळून जातो. चहा प्या, मग परत बसा.

पिन वेगळा, पासवर्ड वेगळा

हे मी दिवसातून एकदा तरी सांगते. पिन त्याच मशीनपुरता असतो, त्या लॅपटॉपच्या आतच राहतो. पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असतो, तो कुठूनही चालतो. तुम्ही मोबाइलवरून खात्याचा पासवर्ड बदलला तरी लॅपटॉपचा पिन तोच राहतो. आणि लॅपटॉपला इंटरनेट नसेल तर त्याला नवा पासवर्ड माहीतच नसतो, तो जुनाच मागत बसतो. “नवीन टाकला तर चुकीचा म्हणतो” असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, वायफाय लागलंय का? लॉगिनच्या पानावरच खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह असतं. तिथून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, मग नवा पासवर्ड टाका. हॉटस्पॉट दिसत नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा.

काही लॅपटॉपवर पासवर्ड टाकायची जागाच दिसत नाही, फक्त पिन मागतो. त्याचं कारण सेटिंग्जमधला एक खटका: मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त ‘विंडोज हॅलो’नं, म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशानं, साइन-इन होऊ द्या, असं तो सांगतो. अशा मशीनवर पिन बिघडला, म्हणजे ‘युअर पिन इझन्ट अव्हेलेबल’ असा मेसेज आला, तर ‘आय फर्गॉट माय पिन’वर जा. तिथे खात्याचा पासवर्ड टाकून किंवा कोड मागवून नवा पिन ठरवता येतो. यालाही इंटरनेट लागतं.

आता कोड कुठे येणार? खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर. निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले होते. कंपनीचा नंबर परत केला, नवं सिम घेतलं, पण खात्यात जुनाच नंबर. दुसरा ईमेलही कंपनीचाच, तोही बंद. सुरक्षिततेची सगळी माहिती एकदम बदलायची म्हटलं की मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं, चोरानं बदलली असेल तर मालकाला कळावं म्हणून. काकांना महिनाभर थांबावं लागलं. यात दुकानदार काहीच करू शकत नाही, आणि “मी करून देतो, पैसे द्या” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सिम बदलायच्या आधी खात्यात नवा नंबर घाला. बँकेत घालतो तसाच, त्याच दिवशी.

आणखी एक. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर नंबर झळकला तर तो भामट्यांचा समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

ईमेल नसलेलं, मशीनवरचंच अकाउंट असेल तर

याला लोकल अकाउंट म्हणतात. दुकानं, शाळा, वकिलांची ऑफिसं इथे अजून हेच जास्त दिसतं. अकाउंट काढताना तीन सुरक्षा प्रश्न विचारलेले असतात. पासवर्ड एकदा चुकला की खाली ‘रिसेट पासवर्ड’ येतं, त्यावर जाऊन त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तरात स्पेलिंग तंतोतंत लागतं, शाळेचं नाव तेव्हा पूर्ण लिहिलं होतं की आद्याक्षरं, ते आठवा.

प्रश्न जमले नाहीत, पण मशीनवर दुसरं अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेलं) अकाउंट आहे, तर तिथून पासवर्ड बदलता येतो. इथे मात्र जपून. स्वतः आत असताना कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबून ‘चेंज अ पासवर्ड’नं बदललेला पासवर्ड आणि दुसऱ्यानं बाहेरून बदललेला पासवर्ड, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात जुना पासवर्ड विचारला जातो आणि सगळं शाबूत राहतं. दुसऱ्यात विंडोजनं त्या अकाउंटमध्ये जपलेले पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीनं कुलूप घातलेल्या फाइल्स उघडत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही यात सापडतात. ते गुगल खात्यात सिंक असतील तर परत येतात, नसतील तर गेले. साध्या फाइल्स, फोटो, वर्ड-एक्सेल यांना धक्का लागत नाही. तरीही बाहेरून बदलणं हा शेवटचा उपाय समजा.

डेस्कटॉप कोरा, ‘टेम्पररी प्रोफाइल’चा मेसेज

आता शिक्षिका ताईंच्या गोष्टीकडे येते. गट नंबरासमोर जुन्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला होता. दिरानं फोल्डरचं नाव बदललं. विंडोज त्या पत्त्यावर गेलं, तिथे घरच नाही. मग त्यानं तात्पुरता तंबू ठोकून दिला: कोरा डेस्कटॉप, आणि कोपऱ्यात ‘टेम्पररी प्रोफाइल’नं साइन-इन झाल्याचा मेसेज.

या तंबूत एकही फाइल ठेवू नका. साइन-आउट केलं की विंडोज तो उचलून टाकतं, आत ठेवलेल्या सगळ्यासकट. ताईंनी त्याच अवस्थेत एक प्रश्नपत्रिका टाइप करून डेस्कटॉपवर ठेवली होती. या सगळ्या प्रकारात कायमची गेली ती तेवढी एकच.

उपाय असा. आधी मशीन पूर्ण बंद करून दोनदा सुरू करा. फोल्डरला कुणी हात लावला नसेल तर कधीकधी एवढ्यानंच सुटतं, कारण अँटिव्हायरस किंवा अर्धवट अपडेटनं तेवढ्यापुरतं काहीतरी अडवलेलं असतं. नाही सुटलं तर दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटमधून आत जा, सी ड्राइव्हमधलं ‘युझर्स’ उघडा आणि तिथल्या प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार बघा. ज्याचा आकार मोठा, गीगाबाइटमध्ये, ते खरं घर. त्याची आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या. ही पायरी कुणीही, कितीही घाई असली तरी, चुकवू नये.

मग फोल्डरला जुनं नाव परत द्या. अगदी होतं तसंच, स्पेलिंग आणि मोकळ्या जागेसकट. त्याच नावाचं एक छोटंसं नवीन फोल्डर विंडोजनं तयार करून ठेवलं असेल तर ते पुसू नका, त्याला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवा आणि मगच जुन्याला त्याचं नाव द्या. जुनं नाव नेमकं काय होतं ते आठवत नसेल तर ते ‘रेजिस्ट्री एडिटर’मध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, सापडतं.

त्या ‘रेजिस्ट्री एडिटर’बद्दल. ‘प्रोफाइललिस्ट’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक अकाउंटचा एसआयडी आणि त्यासमोर ‘प्रोफाइलइमेजपाथ’ म्हणून फोल्डरचा पत्ता असतो. टेम्पररी प्रोफाइल झालेल्या मशीनवर बहुतेकदा एकच आकडा दोनदा दिसतो, एक साधा आणि एकाच्या शेवटी टिंब आणि ‘बॅक’ (.bak). शेपूट असलेला खरा, साधा तो तंबूचा. साध्याला शेवटी काहीतरी वेगळं जोडून बाजूला सारायचं, खऱ्याचं शेपूट काढायचं, त्यात ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ असतील तर त्यांची किंमत ० करायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. आधी ‘फाइल’ मेन्यूतून ‘एक्स्पोर्ट’ करून तो कप्पा जपून ठेवायचा. पण स्पष्ट सांगते, रेजिस्ट्रीत पूर्वी कधी हात घातला नसेल तर हे एकट्यानं करू नका. जाणकार माणूस शेजारी बसवा आणि हा परिच्छेद त्याला वाचायला द्या.

डेस्कटॉप कोरा दिसण्याचं एक साधं कारणही असतं: वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण. बॅकअप चालू असताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेले असतात. मायक्रोसॉफ्ट खातं काढून लोकल केलं की ते नजरेआड होतात. ‘युझर्स’मधल्या आपल्या फोल्डरात ‘वनड्राइव्ह’ उघडून बघा, किंवा वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जुन्या ईमेलनं लॉगिन करा. रडत आलेल्या दोघीतिघींचे फोटो मला तिथेच सापडलेत.

४८ आकडी किल्ली

लॉगिन जमेना म्हणून सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत गेलात, तर निळ्या पानावर ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली जाऊ शकते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्कचं कुलूप मालकाला न कळता आपोआप चालू झालेलं असतं आणि ही किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून ‘डिव्हाइसेस’मध्ये बघा. कोणतं खातं हे महत्त्वाचं: लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना वापरलेलं. ते बऱ्याचदा मुलाचं, जावयाचं किंवा दुकानातल्या पोराचं निघतं. किल्ली मिळालीच नाही तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही, मलाही नाही. असं सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही, म्हणून विनवते, लॉगिन नीट चालू असताना आजच ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवा.

ऑफिसातली मागाहूनची डोकेदुखी

पासवर्ड बदलला, लॉगिनही झालं, पण शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर अकाउंटिंगचा डेटा उघडेना, झेरॉक्स मशीन स्कॅन पाठवेना. कारण त्यांच्याकडे जुनीच किल्ली आहे. त्या कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनेलमधलं ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मधली जुनी नोंद काढा आणि नव्यानं टाका. स्कॅनरच्या अ‍ॅड्रेस बुकमध्येही नवा पासवर्ड भरा. नेटवर्कवर पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. आणि कंट्रोल पॅनेलमधून बदललेलं नाव ही नुसती पाटी, नेटवर्कवर आत जाताना अजूनही जुनंच युझरनेम लागतं. यावरून एका ऑफिसात मी दोन तास घालवले होते.

पुढच्या वेळी नाव बदलायचं असेल तर

आधी दुसरं एक अ‍ॅडमिन अकाउंट काढा, त्याचा पासवर्ड लिहून ठेवा आणि त्यातून एकदा लॉगिन करून बघा. नुसतं काढून उपयोग नाही. एका घरात मुलानं वडिलांचं अकाउंट ‘स्टँडर्ड’, म्हणजे कमी अधिकारांचं, केलं, आणि दुसऱ्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवेना. साधा प्रिंटर बसवायलाही परवानगी मागू लागलं.

लोकल अकाउंट असेल तर कंट्रोल पॅनेलमधलं ‘चेंज युअर अकाउंट नेम’ पुरेसं आहे. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नाव वेबसाइटवर खात्यात बदला, लॅपटॉपवर ते थोड्या वेळानं येतं. फोल्डरला हात लावू नका. जुनं नाव अगदी नकोच असेल तर नव्या नावानं नवं अकाउंट काढा, फाइल्स त्यात न्या, आणि जुनं महिनाभर तसंच ठेवून मग पुसून टाका. नवं अकाउंट काढताना नाव इंग्रजी अक्षरांत द्या. देवनागरीत दिलं तर फोल्डरही देवनागरीत तयार होतं आणि काही जुनी सॉफ्टवेअर तो पत्ता वाचू शकत नाहीत. आत गेल्यावर पाटी मराठीत करा, ती छान दिसते.

ताईंना मी हे दोन्ही मार्ग सांगितले. त्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “राहू दे ताई, आत माहेरचं नाव असलं तर असू दे.” लॅपटॉप सुरू केला की आता त्यांचं नवीन नाव येतं, आणि फोल्डर जुन्या आडनावानं आहे. ४८ आकड्यांचा कागद त्यांनी दुकानातच लिहून घेतला आणि रेशन कार्डाच्या फायलीत ठेवला.